प्रगतिपथावरील कुटुंब

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. मिशी अजून धड आलेली नाही, स्वतःचे मोजे स्वतः धुवायला नुकतेच शिकला आहात, आणि तुमच्या छातीवर एक काळी पाटी लावलेली आहे. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय : 'वडीलधारे'.

तुम्हाला हसू येईल. टॅनरला येत नसे. त्याच्या पाटीवर इंग्रजीत 'एल्डर टॅनर' असं होतं आणि तो ती गंभीरपणे लावत असे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली बरीच तरुण मुलं घर सोडून दोन वर्षं परमुलखात धर्मप्रचाराला जातात. तिथे त्यांना पहिलं नाव नसतं. 'एल्डर' आणि आडनाव, एवढंच. टॅनर अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बटाट्याच्या शेतावरून निघाला आणि मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनात येऊन पडला. जोडीला पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरचा एल्डर टाउफा होता. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहावं असा नियम होता. टाउफा सहा फूट तीन इंच असल्यामुळे टॅनरला हा नियम पाळणं सोपं जाई.

अवघड होतं ते दार उघडून घेणं. ट्रुगानिनातली सगळी घरं एका नकाशातून काढल्यासारखी आणि प्रत्येक दारावर कॅमेरा. बेल दाबली की दाराऐवजी कॅमेराच बोले, "सॉरी मेट, वी आर गुड." पहिल्या तीन आठवड्यांत दोघांनी दोनशे बारा दारांची बेल वाजवली. एक दार उघडलं, तेही कुत्र्याने.

दर रविवारी संध्याकाळी टॅनरला फोनवरचा एक तक्ता भरावा लागे. दार उघडलं का? पाणी दिलं का? पुन्हा बोलावलं का? पंथाच्या दीक्षेची तारीख ठरली का? चारही रकान्यांत 'होय' आलं की त्या घराला 'प्रगतिपथावरील कुटुंब' हा दर्जा मिळे. 'नकार' असा पाचवा रकाना होता, पण त्याखाली सूचना होती : समोरच्या व्यक्तीने स्पष्ट शब्दांत 'नाही' म्हटल्याशिवाय हा रकाना भरू नये. अंदाजाने नकार नोंदवणे नियमबाह्य आहे.

ही सूचना लिहिणाऱ्याची कोणा मराठी कुटुंबाशी ओळख नसावी.

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, एका गुरुवारी पारा एक्केचाळीसवर असताना चित्रलेखाने दार उघडलं. तिला वाटलं, किराणा आला. समोर पांढरे शर्ट आणि भाजलेल्या वांग्यासारखे दोन चेहरे उभे होते.

"अगं बाई! या उन्हात सायकलवर? आत या आधी."

पाणी झालं. मग चित्रलेखा म्हणाली, "चहा टाकते."

"नको, थँक यू. आम्ही चहा पीत नाही."

पाहुण्याचा पहिला नकार मोजायचा नसतो, म्हणून तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा "अर्धा कप तरी?" झालं. चौथ्यांदा तिने न विचारता कप समोर ठेवला. टॅनर कपाकडे बघत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या धर्मात चालत नाही."

चित्रलेखा थक्क झाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण या घरात चार वेळा तेच उत्तर देणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"कॉफी?"

"तीही नाही."

"मग आता जेवूनच जा," ती म्हणाली आणि आत ओरडली, "स्पृहा, दादांना ताटं घे!"

स्पृहा, वय वर्षं आठ, बाहेर आली आणि पाटी वाचून गोंधळली. "एल्डर म्हणजे ओल्ड ना? ही इज नॉट ओल्ड."

"दादा म्हणायचं," आईने सांगितलं. त्या पाटीचा इतका अचूक अनुवाद आजवर कुणी केला नव्हता.

जेवताना टॅनरने शैलेंद्रला, म्हणजे स्पृहाच्या बाबांना, विचारलं, "रविवारी आमच्या प्रार्थनेला याल का?" शैलेंद्र पुण्याचा, कंप्युटरवाला, स्वभावाने सज्जन. तोंडावर नाही म्हणून कुणाचं मन दुखवायचं नाही, हे त्याचं ब्रीद. तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "श्युअर. बघू." आणि दोघे निघताना चित्रलेखा दारातून म्हणाली, "या हं परत!"

त्या रविवारी टॅनरने तीन रकान्यांत 'होय' लिहिलं. चौथा उरला.

मग दर गुरुवारी जेवण ठरलेलं झालं आणि दर रविवारी न येणंही. एका रविवारी पॉइंट कुकहून पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी गाडी सर्व्हिसिंगला गेली. तिसऱ्या रविवारी शैलेंद्रची पाठ. "पुढच्या रविवारी नक्की," तो कळवळून म्हणे, आणि म्हणताना त्याला ते खरंही वाटत असे. मिशनच्या कार्यालयातून टॅनरला शाबासकी आली : इतक्या निमंत्रणांनंतर एकही नकार न देणारं कुटुंब या भागात दुसरं नाही.

टाउफा टोंगाचा असल्यामुळे त्याला थोडी शंका होती. "आमच्या बेटावरही लोक पाहुण्याला असंच जेवायला घालतात," तो एकदा म्हणाला. पण तेव्हा समोर थालीपीठ आलं आणि विषय राहिला.

टॅनर मात्र मनापासून आला होता. आपण समुद्रापलीकडून जे घेऊन आलो आहोत ते कुणाला तरी खरंच हवंय का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. म्हणून तो स्पृहाशेजारी बसून मराठी शिकू लागला. ती शनिवारच्या मराठी शाळेत जायची आणि गुरुवारी तिचा गृहपाठ अपुरा असायचा. त्या आठवड्यात होतं : खालील वाक्ये नकारार्थी करा.

टॅनरने बोट ठेवून वाचलं, "मी... रविवारी... येतो."

"मी रविवारी येत नाही," स्पृहाने लिहिलं आणि पेन्सिल चावली. "बट बाबा असं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"बघू."

"म्हणजे काय?"

स्पृहाने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. "इट्स कॉम्प्लिकेटेड, दादा."

निघताना टॅनर अभिमानाने म्हणाला, "मी जातो!"

"जातो नाही म्हणायचं रे," चित्रलेखा हळहळली. "येतो म्हणायचं."

"पण मी तर जातोय."

"हो, पण म्हणायचं येतो."

टॅनरने विचार केला. "म्हणजे जाणारा माणूस येतो म्हणतो. मग 'रविवारी येतो' म्हणणारा?"

शैलेंद्रला ठसका लागला.

आता या गोष्टीतला दुसरा तक्ता. शैलेंद्र 'पश्चिम मराठी मित्रमंडळा'चा चिटणीस होता. मंडळाला रंगपंचमीसाठी कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, मैदान हवं होतं. (तिथीची रंगपंचमी वेगळी आणि मंडळाची वेगळी, मैदान मिळेल ती मंडळाची पंचमी.) अर्जात अकरावा प्रश्न होता : इतर श्रद्धांच्या व्यक्तींशी आपला नियमित संवाद आहे काय? शैलेंद्रने स्वयंपाकघरात टाउफाला चौथी पोळी मागताना ऐकलं आणि लिहिलं : 'होय. दर गुरुवारी. स्वरूप : सखोल. बाहेरील प्रतिनिधी : दोन एल्डर.'

कौन्सिलच्या भाषेत एल्डर म्हणजे ज्येष्ठ नागरिक. अर्ज आपोआप ज्येष्ठ कल्याण विभागाकडे वळला. आठवड्यात मंजुरी आली. मार्चचा दुसरा शनिवार, मैदान, सावलीचा मांडव, हात असलेल्या खुर्च्या आणि व्हीलचेअरसाठी उतरण, सगळं मिळालं. सोबत पत्र : दोन्ही ज्येष्ठांची विचारपूस करण्यासाठी आमच्या अधिकारी एका गुरुवारी येतील.

त्याच आठवड्यात टॅनरने धीर करून विचारलं, "शैलेंद्रदादा, मार्चचा दुसरा शनिवार कसा वाटतो? तुम्हा तिघांच्या दीक्षेसाठी?"

शैलेंद्रने कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी मंडळाची रंगपंचमी होती. म्हणजे नाही म्हणायला खरं कारणसुद्धा हातात होतं. पण सवय मोठी वाईट. "दुसरा शनिवार... चांगला आहे तसा. बघू ना."

चौथा रकाना भरला.

टॅनर सोमवारीच घरी फोन करत असे. त्या सोमवारी आयडाहोत त्याची आई फोनवर रडली. तिला मुलगी नव्हती. तिने स्पृहाचं माप मागवलं, दीक्षेला पांढरंच घालतात म्हणून पांढरं कापड आणलं आणि लांब बाह्यांचा फ्रॉक स्वतः शिवला. कॉलरच्या आतल्या बाजूला तिने बारीक निळ्या दोऱ्याने स्पृहाचं नाव काढलं. टॅनरने स्पेलिंग स्पृहालाच विचारलं होतं.

फ्रॉक आला तेव्हा चित्रलेखा म्हणाली, "अय्या, कशाला उगाच त्रास!" आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून टॅनरच्या आईसाठी एक खण आणि डिंकाचे लाडू बांधून दिले. टॅनरने रविवारच्या तक्त्यात शेऱ्याच्या जागी लिहिलं : कुटुंबाने माझ्या आईला भेट पाठवली.

दोघे गेल्यावर तिने फ्रॉक उजेडात धरला. "सुंदर शिवलाय गं. पण इतका पांढरा? कधी घालायचा?" मग तिचा चेहरा उजळला. "रंगपंचमीला होईल!"

स्पृहा पलीकडे गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल थांबली.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी सहा वाजता मिशनचे अध्यक्ष हॅडली आले, प्रगतिपथावरील कुटुंबाला भेटायला. सहा वाजून दहा मिनिटांनी कौन्सिलच्या डेबोराबाई आल्या, हातात न घसरणाऱ्या मोज्यांचे दोन जोड घेऊन.

"ज्येष्ठ कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

शैलेंद्रने टाउफाकडे बोट दाखवलं. टाउफा स्टुलावर चढून छतावरच्या स्मोक अलार्मची बॅटरी बदलत होता.

"तुम्ही ज्येष्ठांना स्टुलावर चढवता?" डेबोराबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग नीट बघून त्यांनी ते खोडलं आणि वय विचारलं. टाउफाने वीस सांगितलं. त्यांच्या अर्जात साठाखालचा पर्याय नव्हता, म्हणून त्यांनी साठ लिहिलं आणि मोजे दिले.

हॅडली मृदू बोलणारे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. खोलीत खरे ज्येष्ठ तेवढे एकच. ते हात पुढे करून म्हणाले, "शैलेंद्र, मग दुसऱ्या शनिवारी भेटायचं ना?"

शैलेंद्रने हात हातात घेतला, प्रेमाने हलवला आणि म्हणाला, "बघू."

"याचा अर्थ काय?" हॅडलींनी टॅनरला विचारलं.

टॅनरचे कान लाल झाले. दोन महिन्यांत त्याला पुष्कळ मराठी आलं होतं. नको तेवढं आलं होतं. "सर, मी त्याची नोंद 'होय' अशी केली आहे," तो हळू म्हणाला. मग तो शैलेंद्रकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "शैलेंद्रदादा, खरं सांगा. सोमवारी माझी आई विचारणार. तुम्ही येणार का?"

शैलेंद्रने चित्रलेखाकडे पाहिलं. चित्रलेखाने कढईकडे पाहिलं. एक शब्द हवा होता, दोन अक्षरांचा. त्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. उलट त्या पोराला सोमवारी आईशी खरं बोलता आलं असतं.

"अरे," शैलेंद्र म्हणाला, "तू आधी जेव तर खरं!"

तेव्हा स्पृहा आतून आली. हातात घडी घातलेला पांढरा फ्रॉक होता. तो टॅनरच्या मांडीवर ठेवून ती शुद्ध मराठीत, गृहपाठाची वाक्यं म्हणावीत तशी म्हणाली, "नाही, दादा. आम्ही शनिवारी येणार नाही. बाबांना कधीच यायचं नव्हतं. आणि आई हा फ्रॉक रंग खेळायला ठेवणार आहे. तुझ्या आईला सांग. नाव खूप छान काढलंय."

टॅनरने कॉलरच्या आतल्या निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्याने फोन काढला आणि पाचवा रकाना भरला. त्याच्या तक्त्यातला तो पहिलाच स्पष्ट नकार. त्याचा चेहरा उतरला होता, पण खांदे सैल झाले होते. भर उन्हातून कुणी सावलीत घ्यावं, तसे.

"थँक यू, स्पृहा," तो म्हणाला.

टॅनरने इंग्रजीत सांगितलं तेव्हा हॅडलींनी मान हलवली. डेबोराबाईंनी संवादाचं स्वरूप सखोल असल्याची खूण केली. कुणालाच राग आला नव्हता. म्हणजे पाहुण्यांपैकी कुणाला.

"स्पृहा!" चित्रलेखा कडाडली. "असं बोलतात का मोठ्यांपुढे? पाहुणे आहेत ते!"

"हेच शिकवलंय का आम्ही?" शैलेंद्र म्हणाला. "दादाला सॉरी म्हण. आत्ताच्या आत्ता."

मुलांनो, ही गोष्ट तुम्हाला कुणी मोठं माणूस वाचून दाखवत असेल, तर आता जरा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तेही हेच म्हणालं असतं.

खोलीतली सगळी माणसं स्पृहाकडे पाहत होती. तिने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग अगदी बाबांसारखं, समोरच्याचं मन मुळीच न दुखवणारं हसली.

"बघू," ती म्हणाली, आणि हात धुवायला निघून गेली.