भिवराबाईसाहेबांनी अक्रोड मुळासकट काढविला, त्याची हकीकत

श्रीवृक्षदेवता समर्थ. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सरी, माघमासी, उत्तरेकडील एका डोंगरी राज्यात जे वर्तले ते थोरांच्या तोंडून ऐकिले तैसे लिहिले असे. त्या राज्यात अक्रोडाची थोर बाग होती आणि राजेसाहेबांच्या पश्चात तिचा कारभार भिवराबाईसाहेब पाहात होत्या. हिरव्या साली सोलून सोलून बाईसाहेबांचे तळवे काळे पडले, ते राखेने घासताही निघेनात, आणि त्या "ही आमची मेंदी" म्हणून मिरवीत. त्या वर्षी बागेतील सर्वांत जुना अक्रोड शेंड्यापासून वाळला. मग धाकटे दीर सुभानराव बोलिले, "वहिनीसाहेब, करवत लावा आणि सरपण करा. माणसे थंडीने कुडकुडतात, आणि आपण झाडाचे लाड करिता!" इतक्यात लाकडाचा व्यापारी नरसूशेटी हजर जाहला आणि मुजरा करून म्हणाला, "जळणाच्या भावाने घेतो. वर मुळे माझी माणसे खणून नेतील, तीही फुकट." सुभानराव संतोष पावले. परंतु बाईसाहेब मनी म्हणाल्या, चुलीत घालावयाचे लाकूड, त्याच्या मुळांसाठी हा शहाणा कंबर का मोडून घेतो? मग पुसिले, "शेटी, तुमच्या गावी चुली मुळांवरच पेटतात काय?" शेटी पागोटे सारखे करू लागला. तेव्हां आज्ञा जाहली की करवत लावू नये, उभे झाड मुळासकट काढावे. दरबारी हसले. सुभानराव म्हणाले, "झाड आहे की दुखरी दाढ? आणि आत पोकळ निघाले तर?"

"तर बागेचा कारभार तुमचा, भावोजी."

बोलून गेल्या खऱ्या, परंतु मनी हिशेब केला: बाग गेली तर उरते काय, चार भिंती आणि दिरांचे उपदेश. मग माणसांनी भोवती खणिले, आणि मुळे मोकळी केली, आणि दोर लावून झाड आडवे घातले, आणि फांद्या तोडून घरोघरच्या चुलींस वाटिल्या. मग बुंधा आणि मूळ जेथे जुळतात तेथे सुतारांनी करवत धरिली. पहिली फळी निघाली ती फिकट, निस्तेज. सुभानराव मोठ्याने खाकरले. बाईसाहेब सुतारांस म्हणाल्या, "थांबलात का? चालू द्या." आणि दुसरी फळी निघाली तो काय, काळ्या-तपकिरी रेषा धुराच्या लोटांसारख्या एकात एक गुंतलेल्या, जणू नदीचे भोवरे लाकडात गोठले. नरसूशेटीने ओले बोट फिरविले, रंग उजळला, आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "अहाहा! बंदुकीचे दस्ते करणारे यावर जीव टाकतील!"

"मग आता दस्त्यांच्या भावाने घ्या," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि खणणावळ निराळी. तुम्ही फुकट करणार होतात ती मेहनत आम्ही केली."

शेटीने दोन्ही रकमा मोजून दिल्या. मग सुभानराव पुढे जाहले आणि खालच्या आवाजात पुसते जाहले, "वहिनीसाहेब, पुढले झाड कोणते काढायचे?"

"पुढले लावायचे, भावोजी. तुम्ही रोप धरा, माती मी लोटते."

आणि सुभानराव त्या बागेत प्रथमच वाकले.

एवंच, सरपण सरपणास गेले, फळी फळीच्या मोलाने गेली, आणि बाग बाईसाहेबांची राहिली. तेव्हांपासून त्या राज्यात अक्रोडास आधी कुदळ, मग करवत. आणि परमुलखीचे लोक कारण पुसतात तेव्हां तेथील लेकीबाळी भिवराबाईसाहेबांचे नाव मान वर करून सांगतात. यथामती लिहिले असे.