एकुलता एक कैदी

एफ्राइम टल्कनं सरकारी पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि मग उलटं करून त्याची मागची बाजूही पाहिली. मागं काही नव्हतं. जे काही वाईट होतं ते सगळं पुढच्याच बाजूला मावलं होतं.

"काय म्हणतंय सरकार?" केझायानं चुलीपासून न वळताच विचारलं.

"या जूनपासून, कोर्ट उठेल तेव्हा तुरुंगात एकही कैदी उरला नसेल, तर तुरुंग बंद. इमारतीत मीठ भरणार."

"आणि आपण?"

"आपल्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

गनेट खाडीच्या तुरुंगात एफ्राइम एकोणीस वर्षं जेलर होता. तुरुंग म्हणजे खाली दोन कोठड्या आणि स्वयंपाकघर, वर जेलरची खोली. नवराबायकोला जगात दुसरं छप्पर नव्हतं. त्याआधी एफ्राइम होडीवर जायचा; एका हिवाळ्यात बर्फाच्या दोन लाद्यांमध्ये पाय सापडला, तेव्हापासून तो लंगडत होता. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर ज्याला होडी नाही आणि घरही नाही त्याचं काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी ते बोलत नसे. अक्षरं तो पन्नाशीत शिकला, तीही तुरुंगाच्या नियमांचं पुस्तक वाचता यावं म्हणून. दुसरं पुस्तक त्यानं वाचलंच नव्हतं. त्यामुळे छापलेल्या शब्दावर त्याचा अजून विश्वास होता.

तुरुंगात सध्या कैदी एकच होता, एली पार्डी. गेल्या सप्टेंबरात व्यापाऱ्याच्या वखारीतल्या प्रतवारी करणाऱ्या माणसानं एलीचा उन्हाळाभर वाळवलेला कॉड मासा तिसऱ्या प्रतीचा ठरवला. एलीनं ढिगातला एक मासा उचलला आणि त्याच्या थोबाडावर हाणला. माणसाचे दोन दात पडले. एलीचं म्हणणं असं की तिसऱ्या प्रतीच्या माशानं दात पडत नाहीत, तेव्हा मासा पहिल्या प्रतीचा होता हे तिथंच सिद्ध झालं. हा मुद्दा त्याला कोर्टापुढं मांडायचा होता. पण फिरतं कोर्ट वर्षातून दोनदा, जून आणि ऑक्टोबरात, जहाजानं यायचं, आणि ऑक्टोबरात वादळामुळे जहाज अर्ध्या वाटेवरून परत गेलं. गुन्ह्याला शिक्षा फार तर पंधरा दिवसांची. एलीला वाट बघण्यातच नऊ महिने झाले होते.

"काका, जज्जसाहेब या खेपेला नक्की येणार ना?" एली रोज सकाळी कोठडीच्या दाराच्या झडपेतून विचारायचा.

"शुक्रवारी. दहा वाजता कोर्ट बसेल."

"मग ठीक. केपलिन मासे आले की मी होडीवर पाहिजे. ड्रुसिला एकटी काय काय ओढणार? हा उन्हाळा गेला तर हिवाळ्यात पोरं काय खातील?"

एफ्राइमनं मान हलवली. शुक्रवारी जज्ज एलीला सोडणार, म्हणजे शुक्रवारी तुरुंग रिकामा होणार, म्हणजे शनिवारी मिठाची पोती येणार. एलीचं भलं झालं की आपलं वाटोळं, हे गणित त्याला अक्षरं येण्याआधीही सुटलं असतं.

मंगळवारी मॅजिस्ट्रेट हॉलेटसाहेब आले. ते इतके खूश होते की बूट न पुसताच आत शिरले.

"टल्क, तो प्रतवारीवाला बॉस्टनला निघून गेला. तक्रार मागं घेतल्याचं पत्र आलंय. एलीचा खटला मी यादीतून काढला. आता यादी कोरी आहे. कळलं का तुला? कोरी."

एफ्राइमला कळलं. यादीत एकही खटला नसला की जज्जला पांढरे हातमोजे नजर करायचे, तोफ उडवायची, आणि गावाचं नाव राजधानीच्या वर्तमानपत्रात यायचं, ही जुनी रीत. गनेट खाडीला हा मान कधीच मिळाला नव्हता. हॉलेटसाहेबांनी हातमोजे सहा वर्षांपूर्वीच मागवून ठेवले होते.

"साहेब, पण कैदी आत आहे."

"सोडून दे त्याला."

"नियम एकतीस. कोर्टाकडे पाठवलेला कैदी, बसलेल्या कोर्टात जज्जच्या सहीनंच सुटतो."

"कोर्ट बसणार नाही. हातमोजे देणार आहोत ना आपण."

"म्हणजे मग सही नाही."

"मग नाही."

"मग एली?"

हॉलेटसाहेबांनी थोडा विचार केला. "ऑक्टोबरात बघू. नऊ महिने काढलेत, आणखी चारांनी काय मरतोय? शुक्रवारी तेवढा त्याला गप्प बसव."

साहेब गेले. केझायानं दार लावलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"अहो, एली आत राहिला तर तुरुंग राहतो."

"हो."

"आपण काही केलेलं नाही. साहेबांनीच केलंय."

"हो."

"मग तोंड का असं केलंय?"

"त्याला सांगायचं कुणी?"

कुणीच सांगितलं नाही. एफ्राइमनं त्याच्या लापशीत दोन दिवस काकवी जास्त घातली. एली म्हणाला, "काका, सुटायचे दिवस जवळ आले की लाड होतात वाटतं." त्यावर एफ्राइमला ठसका लागला.

गुरुवारी सकाळी केपलिन आले. वर्षातून एकदाच हे बोटभर मासे लाटेबरोबर लाखांनी वाळूवर येऊन पडतात, आणि अख्खं गाव टोपल्या, बादल्या, फावडी घेऊन धावतं. आरडाओरडा तुरुंगापर्यंत ऐकू येत होता. एली झडपेला तोंड लावून उभा होता.

"ड्रुसिला दिसते का हो तिथून?"

"दिसतेय."

"काय करतेय?"

"टोपली ओढतेय. बसली. आता परत उठलीय."

एली काही बोलला नाही. तो बोलला असता तर एफ्राइमनं कदाचित सहन केलं असतं. त्यानं भिंतीवरची किल्ली काढली.

"अहो," केझाया म्हणाली.

"नियम बारा. खटला न झालेल्या कैद्याला रोज एक तास, जेलरच्या सोबतीनं, आवाराच्या भिंतीच्या आत मोकळी हवा."

"आवाराला भिंत कुठाय?"

भिंत नव्हती. भिंतीचे दगड राजधानीहून यायचे होते, अकरा वर्षं येत होते.

"तेच म्हणतोय मी," एफ्राइम म्हणाला. "भिंत नाही, तर तिची आतली बाजू कुठं संपते हे पुस्तकात दिलेलं नाही."

अर्ध्या तासात एलीनं नऊ महिन्यांचं काम केलं. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो टोपल्या भरत होता, ड्रुसिला हसत होती की रडत होती ते लांबून कळत नव्हतं, आणि नियमाप्रमाणे सोबत करायला एफ्राइमही लंगडत पाण्यात उतरला होता. तेवढ्यात खाडीच्या टोकापलीकडे धूर दिसला. या वर्षी बर्फ लवकर फुटल्यामुळे कोर्टाचं जहाज एक दिवस आधी आलं होतं. धक्क्यावर स्वागताला हॉलेटसाहेब सोडून कुणी नव्हतं, सगळे माशांत.

तुरुंगात काय घडलं ते पुढं एफ्राइमला केझायाकडून कळलं. जज्जसाहेबांना ओहोटीबरोबर निघायचं होतं, म्हणून ते धक्क्यावरून थेट तुरुंगाच्या तपासणीला आले. हॉलेटसाहेबांनी उघड्या कोठडीत डोकावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. टल्कनं कैद्याला बेमालूम लपवलं, असं त्यांना वाटलं.

"पाहा साहेब, यादी कोरी आणि कोठडीही कोरी."

केझायाच्या डोळ्यांपुढं मिठाची पोती उभी राहिली. "कैदी आहे हो साहेब," ती म्हणाली. "जरा बाहेर गेलाय. येईलच एवढ्यात."

"बाई थट्टेखोर आहेत," हॉलेटसाहेब म्हणाले.

जज्जसाहेबांनी भेटीच्या वहीत लिहिलं, 'तुरुंग पूर्ण रिकामा आढळला', आणि सही केली. हॉलेटसाहेबांनी खिशातून हातमोजे काढले. जज्जसाहेबांचे हात जाड होते. डाव्या हाताचा मोजा कसाबसा चढला, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात एली उभा होता, कमरेपर्यंत भिजलेला, दाढीत मासे. "कैदी एली पार्डी," तो अदबीनं म्हणाला. "तास भरायला थोडा वेळ आहे, पण काका म्हणाले साहेब आलेत तर लवकर जाऊ या." त्याच्या मागं एफ्राइम धापा टाकत उभा होता.

जज्जसाहेबांनी आधी एलीकडे, मग वहीकडे पाहिलं.

"मी लिहिलंय की तुरुंग रिकामा आहे."

"हो साहेब," एफ्राइम म्हणाला.

"मी चुकीचं लिहिलं का?"

"नाही साहेब."

"मग हा माणूस तुरुंगात नव्हता. कुठं होता?"

"नियम बारा, साहेब. भिंतीच्या आत."

"भिंत कुठाय?"

"नाहीये, साहेब."

"भिंत नाही तर तिला आत नाही. आत नाही तर हा बाहेर होता." जज्जसाहेब खुर्ची ओढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. "मी बसलो म्हणजे कोर्ट बसलं. पार्डीची तक्रार कुणाची?"

"कुणाची नाही," हॉलेटसाहेब पडल्या आवाजात म्हणाले.

"सुटला."

"साहेब, माझा एक मुद्दा होता," एली म्हणाला. "माशाच्या प्रतीबद्दल."

"सुटलास म्हटलं ना."

नऊ महिने जपलेला मुद्दा तोंडातल्या तोंडात गिळून एली बाजूला झाला. मग जज्जसाहेब एफ्राइमकडे वळले. कैद्याला बाहेर जाऊ दिल्याचा गुन्हा. पंच बोलवायचे तर बारा माणसं वाळूवरून आणावी लागली असती, आणि ओहोटी सुरू झाली होती.

"कबूल करून टाक, टल्क," हॉलेटसाहेब त्याच्या कानाशी म्हणाले. "साहेबांना उशीर होतोय."

एकोणीस वर्षं एफ्राइमनं कुणाला उशीर केला नव्हता. त्यानं कबूल केलं. तीन महिने, याच तुरुंगात, उद्यापासून, आणि नोकरी गेली. निकाल लिहून होईपर्यंत चहासुद्धा उकळला नव्हता. आता यादीत खटले दोन झाले होते, म्हणून हॉलेटसाहेबांनी हातमोजे परत मागितले. डाव्या हाताचा मोजा निघेना. साहेब तसेच जहाजावर गेले.

नवा जेलर राजधानीहून येईपर्यंत किल्ल्या कुणाकडे तरी द्यायला हव्या होत्या. हॉलेटसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या केझायाकडे दिल्या. भिंतीचे दगड जिथून यायचे होते तिथूनच नवा जेलर यायचा होता.

एली जाताना कोठडीपाशी थांबला. "काका, गादी खिडकीकडे ओढून घ्या. त्या भिंतीतून ओल येते. मी नऊ महिने सांगत होतो तुम्हाला."

"हो रे. लिहून पाठवलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी केझायानं कोठडीला कुलूप लावलं आणि झडपेतून थाळी सरकवली. लापशी आणि पाव.

"चहा?" एफ्राइमनं विचारलं.

"पहिले दोन महिने नाही. नियम नऊ. तुम्हीच शिकवलात वाचायला."

"तंबाखू?"

"तोच नियम." मग ती दाराशी स्टूल घेऊन बसली. कोर्ट उठलं होतं, तुरुंगात कैदी होता, मिठाची पोती आली नव्हती. छप्पर राहिलं होतं. एफ्राइमला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठं आहे हे तो शोधत होता.

"अहो," केझाया शेवटी म्हणाली, "तीन महिने म्हणजे तुम्ही सप्टेंबरात सुटाल."

"हो."

"आणि कोर्ट येणार ऑक्टोबरात."

एफ्राइमनं चमचा खाली ठेवला. एली आता समुद्रावर होता. गावात बाकी सगळी भली माणसं; ऑक्टोबरात कोठडीत बसवायला एकही सापडला नसता.

"मग?" तो म्हणाला.

केझायानं एप्रननं किल्ली पुसली.

"हॉलेटसाहेब रोज सकाळी धक्क्यावर फिरायला येतात," ती म्हणाली. "एकटेच असतात. वाळलेल्या कॉडचे ढीगही तिथंच असतात."