अंताचा डावा कौल

आमच्या काळाचौकीच्या चाळीतला अंता परब देवाला विचारल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाही. जिन्याखाली गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथे तो जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवून मूर्तीच्या दोन खांद्यांना चिकटवतो आणि हात जोडून बसतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. त्याच्या मालवणकडे गावाच्या मोठ्या कामाला लावतात. हा मॉलमध्ये जायचं तरी लावतो, कारण तिथला सरकता जिना त्याला पाय गिळेल असं वाटतं. हसलं की म्हणतो, "विचारूक काय जाता?"

गिरणीत आमचे साचे, म्हणजे माग, शेजारी होते. पट्टा तुटून अंगावर येईल म्हणून हा हातभर लांब उभा राहायचा. कापड कसं विणायचा देव जाणे. लग्नाचा कौल डावा आला म्हणून एकटाच राहिला, आणि जन्मभर माझ्या बायकोच्या हातचं जेवला.

माझी बायको शेवंती यंदा गेली. मागे मी दवाखान्यात होतो तेव्हा ती माहेरच्या देवीला नवस बोलली होती, नवरा घरी आला की दोघं येऊन ओटी भरू. माहेर अलिबागच्या पुढे. देवी समुद्रात घुसलेल्या कड्याच्या टोकाला, उघड्यावर. वाट बकरीची, कठडा नाही, खाली काळे खडक. मी घरी आलो आणि तीच गेली. खण-नारळ ट्रंकेत तसाच राहिला. नारळ हलवला तर आता आत पाणी वाजत नाही.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच, पुढे एसटी, मग पायी. सकाळी निघून दिवेलागणीला परत. अंताला सोबत ये म्हटलं आणि त्याचं सुरू झालं. लाँच बुडाली तर? कड्यावरचा वारा माणूस उचलतो म्हणे, मग? हरवलो तर असावी म्हणून एक शिट्टी आणून त्याने गळ्यात बांधली. गॅलरीत फुंकून बघितली तर कुकर झाला समजून शेजारणीने गॅस बंद केला. डाळ कच्ची राहिली, त्याच्या नावाने दिवसभर उद्धार.

आणि दर रविवारी कौल. दर रविवारी डावी.

आधी मी शिव्या घातल्या. मग मलाच शंका यायला लागली. बायकोला घालवून एकटा आलेला नवरा देवीला नको असेल. नवस अंगावर राहिला तर शेवंतीचं तिकडे काय? जेवण जाईना.

एका रविवारी मी लवकर खाली उतरलो. अंता पाठमोरा होता. उजव्या पाकळीला मागून ओली कणीक लावत होता.

मी मनगट धरलं. "देवाला फसवतोस, हरामखोरा?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाराव्याला तू गॅलरीत काय बोललास? आता माझं इथे काय काम, म्हणालास. आणि लगेच कड्यावर जायचं काढलंस. येताना मी एकटाच असलो तर?"

मी बोललो होतो. सगळ्यांनी ऐकलं होतं, जेवून घरी गेले होते.

मी त्याच्या बोटांची कणीक पुसली. पाकळ्या धुऊन हातात दिल्या. म्हटलं, नुसत्या पाण्याने लाव. जायचं का ते देवाला विचार. परत यायचं मला विचार.

"परत येतलंस मा?"

मी त्याच्या गळ्यातली शिट्टी सरळ केली. मग म्हटलं, "येईन. तुला जेवायला घालायला कोण आहे दुसरं?"

त्याने पाकळ्या लावल्या. बराच वेळ एकही हलेना. अंताने डोळे मिटून माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. उजवी पडली, हे मीच त्याला सांगितलं.

त्याने डोळे उघडून नीट खात्री केली. म्हणाला, दोर घेऊया, दोघांच्या कमरेला.

घेऊ म्हटलं. सदरा मात्र सोडला नाही त्याने.