काकीचा करंट

त्या वर्षी आमचा बाळाराम काका लग्नाला जाताना मिक्सर घेऊन जायचा. मंडपात लाइटवाल्याकडे मिक्सरसाठी प्लग मागायचा, पंगतीतलं वरण, भात, भाजी, बुंदी सगळं एकत्र फिरवायचं आणि पेला तोंडाला लावायचा. वर वाढप्याला प्रश्न, "यात करंट किती?"

करंट म्हणजे कॅलरी. हे खूळ मीच त्याच्या डोक्यात घातलं. मी आहारशास्त्राची बीएस्सी, आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सांगणारच!

त्याच वर्षी काकी स्कूटरवरून पडली, डोक्याला मार बसला. दवाखान्यातून गावी, अंजूरला घरी आणली तेव्हा अन्नासाठी नाकात नळी, बोलणं बंद. पडून असूनही दिवसेंदिवस वाळत चाललेली.

मी म्हटलं, "काका, डोक्याला मार लागला की निजलेलं शरीरसुद्धा आतून राबत असतं. त्याला जास्त अन्न लागतं. वजन असंच उतरलं तर गिळायची ताकद कुठून येणार?"

काकाची हयात निजामपुऱ्यात कापड विणायच्या लूमवर गेलेली. "म्हंजे लूम बंद दिसतो, पन मोटर चालू हाय! मंग करंट लागनारच!"

झालं! दुसऱ्या दिवशी काका बाजारात. "भाईजान, मूंगफली में करंट कितना?"

"चाचा, मूंगफली है, इस्त्री नहीं!"

मग मला मिस्ड कॉल. मी सांगेन तसं डाळ, भात, अंडं, तेल वाटून, फडक्यातून गाळून नळीत. काकीचं वजन उतरायचं थांबलं, मग चढायला लागलं! काका गल्लीभर ओरडत सुटला, "करंट आला!"

पण काकीला देण्याआधी काका स्वतः पेलाभर प्यायचा.

"काका, तू कशाला पितोस? नळीतून चव कळत नाही."

"तिला कलत न्हाय म्हनूनच. मी पितो नि तिला सांगतो, आज कसा झालाय. लग्नातला पन तसाच फिरवून पितो नि सांगतो. तिच्याबिगर एकटा जेवू कसा?"

आणि रोजचा त्याचा निकाल एकच, "एक नंबर झालाय गो!"

शेवटी गिळण्याची तपासणी पास झाली. डॉक्टरांनी घट्ट पेज चमचाभर द्यायला सांगितली. काकीला उशीला टेकून बसवलं. काकानं चमचा भरला. चमचा तोंडात गेला. गळा हलला. गिळलं! मी टाळ्याच वाजवल्या.

काकीचे ओठ हलले. कितीतरी महिन्यांनी.

"मीठ... न्हाय."

आम्ही सगळे हसत सुटलो. काकानं मात्र खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसलं, मग खाट धरून हळूच खाली बसला.

"आता तू सांग गो," तो म्हणाला. "मी ऐकतो."