भालेरावकाकांचं जपानी

सकाळी सातला आमच्या चिक्कडपल्लीच्या गल्लीत भाजीची गाडी येते आणि दुसऱ्या मजल्यावरचे भालेरावकाका तिच्यापुढे कमरेत वाकून म्हणतात, "ओहायो गोझाइमास." म्हणजे सुप्रभात. भाजीवाली यादम्मा कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता "हौ सार" म्हणते. दोघांचंही समाधान होतं.

काका सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होते. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगा नागोयाला, लग्नही त्यानं तिथल्याच मुलीशी केलेलं. त्यांना पाच वर्षांची मुलगी. उन्हाळ्यात तिघंही येणार असं कळलं आणि काकांनी मोबाइलवर जपानी शिकायला घेतली. तीही फक्त नमस्कार-चमत्कारापुरती. "व्याकरण नक्को," ते म्हणत, "आधी सिग्नल द्यायचा. गाडी सुटते मग."

सरावाला अख्खी इमारत होती. मी एकदा साडेअकराला जिन्यात ओहायो म्हणाले, तर त्यांनी ते घेतलंच नाही. "अकरा वाजून गेले, सुनंदा. आता कोन्निचिवा." मला दोन पायऱ्या वर जाऊन पुन्हा खाली यावं लागलं. हे सगळं नातीसाठी चाललंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

मंडळी दुपारी आली. आम्ही शेजारी दारात कोन्निचिवा घेऊन तयार. सून युमी पहिल्यांदा वर आली. काका पुढे झाले, वाकले, पण कोन्निचिवा म्हणालेच नाहीत.

"मोशिवाके गोझाइमासेन," ते सावकाश म्हणाले.

हे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. युमीनं पिशवी खाली ठेवली आणि तीही वाकली. काका आणखी वाकले. मग ती आणखी. आधी सरळ कुणी व्हायचं ते ठरेना. नात मधून वाट काढून घरात शिरली. मुलगा दोन बॅगा घेऊन जिन्यातच उभा राहिला, मान फिरवून.

शेवटी युमी म्हणाली, "ओतोसान." म्हणजे बाबा, एवढं आता आम्हालाही येत होतं.

संध्याकाळी भजी द्यायला गेले तेव्हा मी काकांना विचारलं, तो लांबलचक नमस्कार कोणता?

"नमस्कार नाही तो. माफी आहे," काका म्हणाले. लग्नाला ते गेले नव्हते. वर फोनवर तिच्याबद्दल बोलू नये ते बोलले होते. त्याला सात वर्षं झाली.

"मग याचा सराव कुणावर केलात?"

"आरशासमोर," ते म्हणाले. "ते तुम्हाला कसं म्हणणार? तिचं होतं ते."