खडकपेठ मोडोन नवी पेठ वसविली, ते समयींचें वर्तमान

श्रीशंभु साह्य असो. ऐकणारांनीं चित्त द्यावें. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सरापासोन पुढें एके राज्यांत जें घडलें तें पाहिलें-ऐकिलें तैसें लिहितों.

राजधानीस खडकपेठ म्हणोन परीट, हमाल, विणकर यांचीं साठ घरें होतीं. भिंती खचलेल्या. त्या सालीं एक भिंत पडोन दोन माणसें दगावलीं आणि वर्तमान महाराजांस कळलें. मग महाराज बोलिले, "गरीब दूर टाकिला म्हणजे त्याजकडे कोणी पाहत नाहीं. पेठ पाडा, नवी बांधा, आणि एकेच आळींत सावकार, कारकून, हमाल शेजारीं शेजारीं नांदवा." आज्ञा थोर होती, परंतु पेठेचे लोक घर जाईल म्हणोन भ्याले.

त्या पेठेंत चांगुणा परटीण म्हणोन विधवा बाई, लेक गोदी आणि जांवई रखमाजी यांसह राहत असे. कारभारी घरें मोजावयास आले तेव्हां ती आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "पाडा, पण आम्हांस परत हितंच आणाल का?" कारभारी म्हणाले, "सरकारचा शब्द आहे." ती म्हणाली, "शब्द वाऱ्यावर जातो. मला कागद द्या." आणि कागद घेतल्यावांचोन उंबरठा सोडिला नाहीं. मग सर्वांस तळ्याकांठीं झोपड्या दिल्या, एक वर्षाचें काम तीन वर्षें चाललें, आणि नवीं घरें उभीं राहिलीं तों त्यांचें भाडें ऐसें वाढलें कीं साठांपैकीं तेवीस घरें मात्र परत आलीं. बाकीचे माळापलीकडे गेले. चांगुणा कागद घेवोन आली. रखमाजी मात्र माळावर काम मिळे तेथेंच राहिला आणि वर्षानें आला, यास्तव नवे आळींत त्याचें तोंड कोणी ओळखीना.

त्याच आळींत विसोपंत कारकून राहावयास आले. मनुष्य सज्जन, परंतु भित्रे. घरीं दोन उपवर कन्या. कोणाचे परसांतोन तपेलें गेलें, कोणाची शालजोडी गेली, आणि दर खेपेस बोट गरिबांचे ओळीकडे जाई. मग सावकारांनीं आळीचे मध्यें दिंडीदरवाजा बसविला, पहारेकरी ठेविले, आणि कामास येणार त्यांस तांब्याचे बिल्ले दिले. दिंडी मागणाऱ्या अर्जावर विसोपंतांनींही सही केली होती. बिल्ला नसे त्यास दिंडींतोन वर, सावकारांचे घरांकडे, जाणें नाहीं. गोदी आईस म्हणे, "आई, हितं जीव घाबरतो. चोरासारखं बघतात." चांगुणा म्हणे, "मान खालीं घाल आणि चाल."

पुढें आश्विनमासीं चांगुणेस ताप भरला, आणि विसोपंतांचे घरचीं धुतलीं वस्त्रें पोंचवावयाचीं होतीं. तिनें आपला बिल्ला रखमाजीस दिला आणि गांठोडें देवोन धाडिलें. दोन प्रहरीं दिंडीवर पहारेकरी म्हणाला, "हा बाईचा बिल्ला. तुजपाशीं कैसा?" रखमाजी म्हणाला, "सासूचा आहे. ती आजारी आहे." पहारेकरियानें गांठोडें सोडिलें तों आंत जरीकांठी उपरणें निघालें. "चोर!" म्हणोन तो ओरडला, आणि मग दारें उघडलीं, काठ्या निघाल्या, ज्यांनीं कधीं मुंगी मारिली नसेल तेही धांवले. रखमाजी ओरडत होता, "पंतांचीं कापडं आहेत! पंतांस विचारा!" आणि विसोपंत दारांत उभेच होते. उपरणें आपलेंच हें त्यांणीं ओळखिलें, तोंड उघडिलें, आणि पुन्हां मिटोन एक पाऊल मागें घेतलें. चांगुणा गलका ऐकोन तापानें लटपटत आली, त्यांचे पायांवर पडोन म्हणाली, "पंत, एक शब्द बोला हो!" तेव्हां पंत "थांबा, माझीं आहेत!" म्हणोन जमावांत शिरले, आणि तोंवर रखमाजीचा उजवा हात दोन जागीं मोडला होता.

महाराजांनीं चौकशी करविली. विसोपंत दरबारीं उभे राहोन म्हणाले, "मीं पाहतांच ओळखिलें होतें." महाराज म्हणाले, "मग बोलिला कां नाहींस?" पंत म्हणाले, "सोडा म्हटलें तर मीही चोराचा साथी ठरेन, उद्यां माझे दारीं काठ्या येतील, ऐसें भय वाटलें." मग महाराजांनीं मारणारांस शासन केलें, दिंडी काढविली, आणि चांगुणेस पुसिलें, "दुसरे पेठेंत घर देतों, जाशील?" ती म्हणाली, "तिकडं मला कोण ओळखतो, म्हाराज? हितं तरी ठाऊक आहे, कुणाला भ्यायचं तें."

रखमाजीचा हात पुन्हां वस्त्रें धोपटावयास आला नाहीं. गोदी घाटावर जावों लागली. विसोपंत दर आठवड्यास मळकीं वस्त्रें आपल्या खांद्यावर घालोन चांगुणेचे दारीं नेवों लागले आणि धुतलीं आपणच आणों लागले, कीं परिटाचे हातीं कोणीं गांठोडें पाहूं नये. ती दार फटीएवढें उघडी, गांठोडें घेई आणि आंतोन कडी लावी.

ऐसी नवी पेठ वसली. घरें चांगलीं बांधिलीं, भिंत एकही पडली नाहीं. तेवीसांपैकीं एकोणीस कुटुंबें अद्याप तेथें आहेत, आणि त्या आळींत दिवसाउजेडींही सारीं दारें लावलेलीं असतात. वर्तमान येथवर. जाणत्यांनीं न्यूनाधिक पोटीं घालावें.