निवड समितीचं बाळंतपण

दिवस भरत आले, तेव्हा राजनंदिनीने आपलं बाळंतपण मिडवाइफ सिस्टरकडे करायचं ठरवलं. पारनेर तालुक्यातल्या तिच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात अशा सिस्टरांचा वेगळा प्रसूती कक्ष नव्याने सुरू झाला होता. तिथल्या जयासिस्टर रीतसर शिकलेल्या होत्या आणि राजनंदिनीचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायच्या. अडचण आलीच, तर डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. कक्षाच्या दारावर ‘निवड आपली’ असं लिहिलं होतं. राजनंदिनीने ते खरं मानलं. पुढचं सगळं या गैरसमजातून घडलं.

गर्भवतीची निवड स्वतंत्र व दबावमुक्त असणं धोरणानुसार बंधनकारक होतं. त्याची खात्री करायला तालुक्याचे आरोग्य अधिकारी घरी आले आणि त्यांनी तिच्या नवऱ्याला, गोरक्षला विचारलं, “यांची निवड स्वतंत्र आहे ना?”

“आईला इचारून सांगतो,” गोरक्ष म्हणाला.

त्याची आई बनुबाई दारातच उभी होती. “सुईनीकडं न्हाई जायाचं. शेजारनीच्या सुनेचं नगरला सिझर झालं, तेबी मुहूर्त काढून. आमी काय कमी हाय का?”

“आत्या, डॉक्टर म्हणालेत, सिझरची गरज नाही,” राजनंदिनी सासूला म्हणाली.

“गरज कोन बघतंय?” बनुबाई म्हणाली.

घरात एकमत होईना, म्हणून अधिकाऱ्यांनी प्रकरण ग्रामसभेकडे वर्ग केलं. गाव आदर्श होतं. बोअर घ्यायची की नाही, हेसुद्धा तिथे सभाच ठरवायची. सरपंच सहादेवरावांनी विषय वाचला : ‘गर्भवती महिलेच्या निवडस्वातंत्र्याबाबत निर्णय घेणे.’ गर्दीचा त्रास नको, म्हणून गर्भवतीला बोलावलं नव्हतं.

सभेत दोन तट पडले. सुईण म्हणजे मागासलेपणा, असं एकाचं म्हणणं. सुईण म्हणजे आपली संस्कृती, असं दुसऱ्याचं. जयासिस्टर सुईण नसून प्रशिक्षित परिचारिका आहेत, हे अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर दोन्ही तट नाराज झाले. शेवटी निवड समिती नेमली गेली. समितीत सगळे पुरुष घेतले, कारण बायका अशा विषयात भावनिक होतात. दूध डेअरीच्या चेअरमनना तज्ज्ञ सदस्य केलं. त्यांच्या गोठ्यात गाई सुखरूप वितात, हा अनुभव सर्वमान्य होता.

समितीच्या बैठकीत मोबाईल बंद ठेवायचा नियम होता. गोरक्ष पतीच्या नात्याने निमंत्रित होता. त्यामुळे राजनंदिनीला कळा सुरू झाल्या, ते त्याला कळलं नाही. फोन लागेना, तसं बनुबाईने सुनेकडे पाहिलं आणि चपला शोधल्या. “चल,” ती म्हणाली. “मुहूर्त गेला खड्ड्यात.”

कक्षात जयासिस्टर राजनंदिनीला प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. फिरायचं का, कुशीवर व्हायचं का, पाणी हवं का. बनुबाई बराच वेळ ऐकत राहिली.

“तुमी तिला इचारून करता व्हय?” तिने अखेर विचारलं.

“तिचंच बाळंतपण आहे ना, मावशी.”

बनुबाईची सगळी बाळंतपणं झाली, पण पाणी हवं का, एवढंही कुणी विचारलं नव्हतं. तिने सुनेचा हात घट्ट धरला, तो बाळ रडेपर्यंत सोडला नाही.

मोबाईल सुरू करताच गोरक्षला निरोप मिळाला. “मुलगी झाली,” त्याने समितीला सांगितलं.

“अभिनंदन,” सहादेवराव म्हणाले. “पन समितीचा निर्नय व्हायच्या आत कशी झाली?”

बऱ्याच चर्चेनंतर ‘निवडपूर्व प्रसूती’ असा नवा प्रकार मान्य करण्यात आला, आणि राजनंदिनीने जे केलं तेच तिने करावं, असा ठराव एकमताने झाला. वर्षअखेरीस महिलांच्या निवडस्वातंत्र्याबद्दल गावाला पुरस्कार मिळाला. समितीच्या सदस्यांना शाली दिल्या. राजनंदिनी मुलीला घेऊन मागच्या रांगेत उभी होती.

तिने जयासिस्टरांकडे जायला हवं होतं की नगरला, याबद्दल हे वाचताना तुमचंही काही मत झालं असेलच. जरूर कळवावं. समितीत एक जागा रिकामी आहे.